दाबलं की बोलणारा कापडी हत्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीच्या शिबिरांत मी मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना विजेवर चालणारी कापडी खेळणी शिवायला शिकवते. खालचे प्रश्न तिथे दरवर्षी येतात. फोनवर येतात, लग्नाच्या पंगतीत येतात, एकदा तर एसटीत शेजारी बसलेल्या बाईंनी माझ्या मांडीवरचा अर्धवट हत्ती बघून विचारले होते. उत्तरांत उदाहरणासाठी बहुतेक वेळा तोच हत्ती येईल. त्याचं नाव गोटू. दीड वीत उंच, राखाडी मांजरपाटाचा, भाचीसाठी शिवलेला. कान दाबला की फुर्र करतो, पाय दाबला की आजीच्या आवाजात हाक मारतो, उलटा धरला की कुरकुरतो. आजवर तो चार वेळा उसवून पुन्हा शिवलाय, त्यामुळे त्याच्या पोटात काय काय बिघडू शकतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

मला शिवण येतं, पण इलेक्ट्रॉनिक्सचा गंधही नाही. जमेल का?

जमेल. खरं सांगायचं तर उलटी जोडी जास्त अवघड जाते. शिबिरात येणारे इंजिनिअर बाबा सर्किट पाच मिनिटांत समजावून सांगतात आणि दोन तास सुईच्या नेढ्यात दोरा ओवत बसतात. या खेळण्यात टाका हाच जोड असतो. टाका सैल पडला की वीजही सैल पडते. गोधडीचा धावदोरा एकसारखा घालता येणाऱ्या बाईला फक्त तीन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात: वीज सेलच्या एका टोकातून निघून दुसऱ्या टोकाला परत यावी लागते, वाटेत या दोन वाटा एकमेकींना शिवता कामा नयेत, आणि मल्टिमीटरची (वीज मोजायच्या छोट्या यंत्राची; दोन टोकांत वाट जुळलेली असली की ते वाजतं) ‘टीं’ कधी वाजते. बाकीचं करता करता येतं.

पहिलं खेळणं कोणतं करावं?

काजवा. काळ्या कापडाची तळहाताएवढी उशी, शेपटीला एक पिवळा एलईडी, पोटात दोन ‘ट्रिपल ए’ सेलांचा डबा आणि पंखाखाली टिचबटण. बटण लावलं की दिवा लागतो, काढलं की विझतो. धातूचं टिचबटण हा स्वस्तात मिळणारा उत्तम स्विच आहे, आणि तो प्रत्येक शिवणकामाच्या डब्यात आधीपासून पडलेला असतो.

एलईडीचा लांब पाय सेलच्या अधिक टोकाकडे जातो. गोल तोंडाच्या चिमट्याने दोन्ही पायांना जिलबीसारखा वेढा द्या, म्हणजे त्यांतून बटणासारखे टाके घालता येतात. एका पायाला गोल आणि दुसऱ्याला चौकोनी वेढा दिलात तर नंतर कोणता अधिक होता हे आठवत बसावं लागत नाही. मध्ये १०० ओहमचा एक रेझिस्टर घाला (वीज थोडी अडवणारा भाग; ओहम हे त्या अडथळ्याचं माप). हिशेब सोपा आहे: सेल ३ व्होल्ट देतात, पिवळा किंवा लाल एलईडी साधारण २ व्होल्ट खातो, उरलेल्या १ व्होल्टला १०० ओहमने भागलं की १० मिलिअँपिअर. काजव्याला तेवढं पुष्कळ. पांढऱ्या आणि निळ्या एलईडीला जवळपास ३ व्होल्ट लागतात, म्हणून सेल थोडे उतरले की ते मिणमिणायला लागतात. लाल आणि पांढरा एकाच वाटेवर शेजारीशेजारी लावले, तर लाल सगळी वीज ओढून घेतो आणि पांढरा तोंड पाडून बसतो.

वाहक दोरा म्हणजे नेमकं काय?

दुकानात ‘कंडक्टिव्ह थ्रेड’ म्हणून मागा. दोन प्रकार भेटतात. एक स्टेनलेस स्टीलच्या केसाहून बारीक तंतूंचा पीळ, दुसरा नायलॉनवर चांदीचा थर दिलेला. स्टीलचा टिकाऊ असतो, गंजत नाही, पण हाताला घोड्याच्या केसासारखा लागतो आणि टोकं पिंजारतात. चांदीचा मऊ असतो, पण दमट हवेत आणि घामाने काळवंडतो.

तांब्याच्या वायरीच्या मानाने दोन्ही विजेला बराच अडथळा करतात. माझ्याकडच्या स्टीलच्या रिळावर फुटाला साधारण १० ओहम भरतात. रीळ बदललं की आकडा बदलतो, म्हणून नवं रीळ आणलं की आधी फूटभर मोजून घ्यायची सवय लावा. आणि हो, स्टीलच्या दोऱ्याला साधं सोल्डर धरत नाही. तिथे घट्ट वेढे आणि गाठ हाच मार्ग.

शिवताना हातभरापेक्षा लांब दोरा घेऊ नका, गुंतला की सुटत नाही. सुई मोठ्या नेढ्याची हवी. मशीनवर शिवायचं असेल तर हा दोरा बॉबिनमध्ये भरा आणि वर साधा दोरा ठेवा. वरून घातला तर सुईपाशी पिंजून तुटत राहतो.

पैठणीची जर चालेल का?

हा प्रश्न दर शिबिरात कोणीतरी आजी विचारतात, आणि मला तो सगळ्यात आवडतो. अस्सल जर म्हणजे रेशमावर गुंडाळलेली चांदीची चपटी तार, वर सोन्याचा मुलामा. तिच्यातून वीज जाते. आजकाल बहुतेक साड्यांत असते ती प्लॅस्टिकच्या चकचकीत पट्टीची जर. तिच्यावर लाखेसारखा थर असतो, मीटर लावला तर काहीच वाजत नाही. म्हणजे मीटर जरीची परीक्षाही घेतो, आणि त्या परीक्षेतून घरात वाद होऊ शकतात, एवढं सांगून ठेवते.

ही कल्पना काही वेडगळ नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये रेमी पोस्ट आणि मॅगी ऑर्थ यांनी कापडातल्या सर्किटांवर काम केलं, तेव्हा त्यांनी वापरलेल्या कापडांत रेशमी ऑर्गन्झा होता. त्याच्या बाण्यात, म्हणजे आडव्या धाग्यांत, तांब्याचा पत्रा गुंडाळलेला रेशमाचा धागा होता. पण आजीची जुनी पैठणी हत्तीसाठी कापू नका. फाटक्या काठाचा तुकडा असेल तर हत्तीच्या कपाळावर पट्टा शिवा आणि त्यालाच स्पर्शाचं बटण करा.

दोरा वापरावा की वायर?

माझं मत ठाम आहे: इशाऱ्याला दोरा, विजेला वायर. बटण दाबलं गेलं की नाही हे बोर्डाला, म्हणजे खेळण्याचा मेंदू असलेल्या छोट्या संगणकाला, कळायला नगण्य वीज पुरते. तिथे दोऱ्याचे वीस-तीस ओहम कोणाच्या खिजगणतीत नाहीत. पण स्पीकर, मोटर, रंगीत दिव्यांच्या माळा यांच्या वाटेवर दोरा घातला की घोळ होतो.

गोटूचा पहिला स्पीकर मी सोंडेत बसवला होता. पोटापासून सोंडेपर्यंत फूटभर दोरा जायला, फूटभर यायला, म्हणजे २० ओहम. स्पीकर स्वतः ८ ओहमचा. बहुतेक ताकद दोऱ्यानेच गिळली आणि हत्ती कुजबुजायला लागला. निओपिक्सेलचंही, म्हणजे हवा तो रंग दाखवणाऱ्या छोट्या एलईडींचंही, तसंच. एक दिवा पांढरा आणि पूर्ण तेजाने लावला तर तो ६० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. फूटभर दोऱ्यात त्यापायी ०.६ व्होल्ट जातात, तेही फक्त जाण्याच्या वाटेवर. तिथे सिलिकॉनचं वेष्टण असलेली बारीक, मऊ, अनेक तारांची वायर वापरा. ती कापसात कुठे आहे हे कळतही नाही. वायरीला जरा ढिलाई ठेवा. मुलं खेळणं पायाला धरून ओढत नेतात, हे गृहीत धरूनच शिवायचं.

दाबायचं बटण कापडाचंच करायचं आहे. कसं करू?

वाहक कापडाचे दोन गोल तुकडे घ्या, मोठ्या वाटीच्या तळाएवढे. मध्ये पातळ स्पंजचा तसाच गोल, पण त्याला भोकं पाडलेली. दाबलं की भोकांतून वरचं कापड खालच्याला टेकतं, सोडलं की स्पंज दोघांना दूर करतो. प्रत्येक गोलाला आपापला दोरा, आणि दोन्ही दोरे विरुद्ध बाजूंनी बाहेर काढलेले, म्हणजे चुकून भेटत नाहीत.

खरी कसब भोकांत आहे. एकच छोटं भोक असेल तर नेमकं तिथेच बोट रोवावं लागतं. चार वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. पाच रुपयांच्या नाण्याएवढी तीन-चार भोकं पाडली तर कुठेही थापट मारली तरी चालतं. भोकं फार मोठी झाली तर खेळण्याला नुसती मिठी मारली तरी ते ओरडतं. गोटूच्या पायात मी पहिल्यांदा सगळं बरोबर केलं आणि शेवटी कापूस इतका ठासून भरला की बटण कायमचंच दाबलेलं राहिलं. बटणामागे बक्रमचा (कडक अस्तराचा) एक गोल लावा आणि भरण तिथे हलकंच ठेवा.

वाहक कापड मिळालं नाही तर घरातल्या ॲल्युमिनिअमच्या फॉइलवर काम भागतं, पण ते चुरगळून आठवडाभरात फाटतं. नमुना बघायला ठीक.

बटणाशिवाय आणखी कोणती नियंत्रणं शिवता येतात?

घुंगरू! पितळेचं एक घुंगरू वाहक दोऱ्याने पोटातल्या कापडी नळीत लोंबतं सोडा आणि नळीच्या आतल्या बाजूला वाहक कापडाची पट्टी लावा. खेळणं कलंडलं की घुंगरू पट्टीला टेकतं आणि सर्किट पूर्ण होतं. वर वाजतंही. फक्त नळी दोन्हीकडून पक्की शिवलेली हवी, घुंगरू सुटून कोणाच्या तोंडात जाता कामा नये.

दाब कमी की जास्त हे ओळखायचं असेल तर दोन वाहक कापडांच्या मध्ये व्हेलोस्टॅट नावाची काळी, कार्बन मिसळलेली प्लॅस्टिकची चादर घाला. दाबाल तसा तिचा अडथळा कमी होतो, म्हणजे थोपटणं आणि गच्च मिठी यांत हत्तीला फरक कळतो.

चुंबकावर चालणारे स्विच कापडी खेळण्यात घालू नका. शिवण उसवून दोन छोटे, ताकदवान चुंबक पोटात गेले तर ते आतड्याच्या दोन बाजूंनी एकमेकांना चिकटतात आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जातं.

कोणता बोर्ड घ्यावा?

दिवा आणि बटण एवढंच असेल तर कोणताच नको. लोक उगाच आधी बोर्ड विकत आणतात आणि मग त्याला काम शोधतात.

शिवायच्या बोर्डांत लिलीपॅडचं नाव आधी येतं. लिया बीकली यांनी तो घडवला आणि २००७ मध्ये स्पार्कफन कंपनीतर्फे तो बाजारात आला. पाच सेंटिमीटरची गोल चकती, कडेला फुलाच्या पाकळ्यांसारखी शिवायची भोकं. दिसायला अजूनही सगळ्यांत देखणा. सर्किट प्लेग्राउंड एक्सप्रेसमध्ये दहा रंगीत दिवे, माइक, छोटा स्पीकर, हालचाल आणि उजेड ओळखणारे सेन्सर सगळं बोर्डावरच बसवलेलं असतं.

मुलांसोबत काम करायचं म्हणून मी मायक्रोबिट वापरते. बीबीसीने २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या शाळकरी मुलांना तो वाटला होता. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत स्पीकर आणि माइक आले, आणि कापडी खेळण्यांसाठी तो एकदम सोयीचा झाला. मेककोडमध्ये ठोकळे जोडून प्रोग्राम लिहिता येतो. भाचीने आठ वर्षांची असताना गोटूची कुरकुर स्वतः बसवली. कलंडल्याचं बोर्डाला आपोआप कळतं, त्यासाठी काहीच शिवावं लागत नाही.

त्याची एक खोड सांगते. त्याच्या कडेला पाच मोठी भोकं आहेत: ०, १ आणि २ या आकड्यांची तीन, एक ३ व्होल्टचं आणि एक ग्राउंडचं, म्हणजे सेलच्या उण्या टोकाचं. पण त्या भोकांच्या मधोमध बारीक पट्ट्यांची रांग असते. दोरा भोकातून ओवून कडेवरून गुंडाळला की तो सरकून शेजारच्या पट्टीला शिवतो आणि बोर्ड वेड्यासारखा वागायला लागतो. मी भोकात ३ मिलिमीटरचा छोटा नटबोल्ट बसवते आणि दोरा किंवा वायर त्याला गुंडाळते. बोर्ड कधी काढायचा झाला तर नट सोडला की झालं.

आजीचा आवाज कसा घातलात?

आयएसडी १८२० नावाचा छोटा मॉड्यूल असतो. बटण दाबून धरा, बोला, सोडा. साधारण दहा सेकंदांचा आवाज साठतो आणि सेल काढले तरी पुसला जात नाही. त्याच्यावरच्या ‘प्ले’ बटणाच्या दोन टोकांना हत्तीच्या पायातल्या कापडी बटणाचे दोन दोरे जोडले. इथे मायक्रोबिटचा काही संबंध नाही. गाणी किंवा लांब गोष्ट हवी असेल तर मेमरी कार्डवरून एमपीथ्री वाजवणारा डीएफप्लेअर मिनी घ्या.

आवाज भरताना पंखा बंद करा. आमच्या पहिल्या प्रतीत आजीपेक्षा पंखाच जास्त ऐकू येत होता. दुसऱ्या प्रतीत मागे कुकरची शिट्टी झाली, ती मात्र भाचीने काढू दिली नाही. आणि मॉड्यूलचं ‘रेकॉर्ड’ बटण चिकटपट्टी लावून झाकून टाका, नाहीतर एखाद्या मिठीत ते दाबलं जाऊन आजीचा आवाज कायमचा जाईल.

शिवायचा क्रम काय?

आधी टेबल, मग कापड. सगळं साहित्य मगरक्लिपांनी (दातेरी चिमटे लावलेल्या वायरींनी) टेबलावर जोडा आणि चालतंय का बघा. टेबलावर न चालणारं सर्किट कापसात गेल्यावर सुधारत नाही.

मग वर्तमानपत्रावर हत्तीचे भाग काढा आणि त्यांवर विजेच्या वाटा रंगवा: अधिक लाल, ग्राउंड काळी, बटणांच्या वाटा निळ्या. दोन वाटा एकमेकींना ओलांडत असतील तर शक्यतो वाट बदला. नाहीच जमलं तर मध्ये फेल्टचा तुकडा टाकून पूल करा. ही खूण कापडाच्या कोणत्या बाजूला करायची, इथे माझी फजिती झाली होती. कानाच्या सुलट बाजूला अधिक-उणे लिहिलं, उलट बाजूने शिवलं, आणि कान सुलटा केल्यावर सगळं आरशातल्यासारखं झालं. दोन्ही कानांतले दिवे उलटे बसले होते. तासभर मी सेलला दोष देत होते. आता खूण ज्या बाजूने शिवायचं त्याच बाजूला करते आणि शेजारी ‘आतून’ असं लिहून ठेवते.

बटणं, दोरे, दिवे हे सगळं भाग सपाट असतानाच शिवून घ्या. गाठ मारून झाली की मीटर लावा, ‘टीं’ वाजली की मगच गाठीवर नेलपेंटचा थेंब टाका आणि दोऱ्याची उरलेली शेपटी गाठीलगत कापा. आधी नेलपेंट आणि मग मीटर असं केलंत तर गाठ उसवता येत नाही आणि शब्द मात्र निघतात. मग सुलट बाजू आत ठेवून भागांच्या कडांना टीप मारा, पोटाशी फट ठेवा, सुलटं करा.

पोटात एक अस्तराची पिशवी शिवा, तिला चेन किंवा वेल्क्रो लावा. बोर्ड, मॉड्यूल आणि सेलचा डबा या पिशवीत राहतो, कापूस तिच्याभोवती. नवशिके ही पिशवी टाळतात, कारण हत्ती ‘तयार’ दिसावा अशी घाई असते. मग सेल संपले की पोट फाडतात. दार आधी, हत्ती नंतर.

भरताना मूठभर कापूस घाला, दाबा, मीटर लावा, पुन्हा मूठभर. सावरीचा कापूस मऊ लागतो, पण फार उडतो. फायबर हलकं असतं आणि धुतल्यावर लवकर वाळतं.

सेल कोणते घालावेत?

लहान मुलाच्या खेळण्यात बटण सेल नको. लांबलचक उत्तर हवं असेल तर पुढे वाचा.

सीआर २०३२ मोहक असतो: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. नेमका याच आकारामुळे तो लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकतो. तिथल्या ओलाव्यातून वीज वाहायला लागते, उण्या टोकापाशी तीव्र अल्कली तयार होते आणि अवघ्या दोन तासांत अन्ननलिका गंभीर भाजू शकते. दिवा लावण्याइतकी ताकद न उरलेला जुना सेलही हे करू शकतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवू नका, थांबून बघू नका. एक्स-रे निघेल अशा मोठ्या रुग्णालयात तडक न्या. महाराष्ट्रात रुग्णवाहिकेसाठी १०८.

म्हणून ‘ट्रिपल ए’ सेल, स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाच्या डब्यात. मोबाइलसारखा चपटा लिथियम सेलही नको. कापसात तो दाबला जातो, उष्णता बाहेर जात नाही, आणि दुरुस्तीच्या वेळी सुई त्यात घुसली तर पेट घेऊ शकतो. पॉवर बँक लावून बघितलीत तर बऱ्याच पॉवर बँका एवढी कमी वीज पाहून थोड्या वेळाने आपणहून बंद होतात.

तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मी विजेचं खेळणं शिवतच नाही. त्यांना साधं घुंगरूसुद्धा नको, कापूस आणि कापड पुरे.

खेळण्याला आग लागू शकते का?

एका रात्री भाचीच्या अंथरुणातून गोटू उचलला तर त्याचं पोट कोमट लागलं, तापातल्या मुलासारखं. चेन उघडली. सेलच्या डब्यापाशी मी दोऱ्याची बोटभर शेपटी कापायची ठेवली होती. ती वळून दुसऱ्या टोकाला टेकली होती. चार्ज होणारे सेल होते, ते क्षणात भरपूर वीज सोडतात. शेजारच्या कापसावर पेन्सिलने ओढल्यासारखी तपकिरी रेघ उमटली होती. त्या दिवसापासून डब्याच्या तोंडाशीच १०० मिलिअँपिअरचा पॉलिफ्यूज लावते. वीज वाजवीपेक्षा जास्त झाली की तो वाट अडवतो, आणि दोष काढून सर्किट थंड झालं की पुन्हा सोडतो. सोल्डर करायला दोन मिनिटं लागतात. मायक्रोबिटसोबत मोठा स्पीकर असेल तर जरा वरच्या आकड्याचा लागेल, पण बिनफ्यूजचा डबा नको. आणि रात्री स्विच बंद.

पावसाळ्यात खेळणं आपोआप ओरडतं. भूतबाधा?

दमटपणा. मायक्रोबिटच्या ०, १, २ या टोकांना १० मेगाओहमच्या प्रचंड अडथळ्यातून अगदी नगण्य वीज मिळते, म्हणून बोटाच्या स्पर्शानेही ती टोकं ‘दाबली’ जातात. जुलैत ओलसर झालेला कापूस बोटाचंच काम करतो. रत्नागिरीच्या एका शिबिरात सहापैकी चार खेळणी एकाच वेळी बोलायला लागली होती, मुलं खूश आणि मी घामाघूम. मेककोडमध्ये त्या टोकाला ‘पुल अप’ (एरवी टोक १ वर घट्ट धरून ठेवणारी सोय) लावा आणि स्पर्शाच्या ठोकळ्याऐवजी टोक थेट वाचा: ० आलं तर दाबलेलं. मग साधा ओलावा त्याला फसवू शकत नाही. दोन दोऱ्यांत बोटभर अंतर ठेवलं तर आणखी बरं.

धुता येतं का?

बोर्ड आणि सेल बाहेर काढून, गार पाण्यात, हाताने. पिळायचं नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं आणि सावलीत पूर्ण वाळू द्यायचं. आत कापूस दोन-तीन दिवस ओला राहतो. चांदीच्या दोऱ्याला ब्लीच चालत नाही. बटणातला स्पंज पाणी धरून ठेवतो, त्यामुळे वाळेपर्यंत सेल घालायची घाई नको.

साहित्य कुठे मिळतं?

पुण्यात विजेचं सामान तपकीर गल्लीत, कापड आणि शिवणाचं सामान रविवार पेठ आणि बोहरी आळीत. दोन्हीकडे चालत जाता येतं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, आणि कापडासाठी मंगलदास मार्केट. वाहक दोरा आणि वाहक कापड मात्र बहुधा ऑनलाइनच मागवावं लागतं. पहिल्या साध्या खेळण्यात सगळ्यात महाग तो दोराच पडतो. पण एक रीळ बरीच खेळणी चालतं, चार जणींनी मिळून घ्या.

हाताची हालचाल कमी असलेल्या मुलासाठी असं खेळणं करता येईल?

करता येईल, आणि माझ्या मते या कलेचा सगळ्यात चांगला उपयोग तोच. विकतच्या खेळण्यांचं बटण छोटं, टणक आणि कुठेतरी पंज्यात लपलेलं असतं. आपण अख्खी उशी बटण करू शकतो. कोपराने, हनुवटीने, पायाने, जिथे हालचाल आहे तिथे.

अशा मुलांसाठीच्या स्विचना ३.५ मिलिमीटरचा, हेडफोनसारखा जॅक वापरायची पद्धत आहे. तुमच्या कापडी उशीचे दोन दोरे अशा जॅकवर आणले की तीच उशी अशा इतर खेळण्यांनाही चालते. विकतचं सेलवर चालणारं खेळणं असेल तर तेही न उघडता जोडता येतं: सेल आणि डब्याची पट्टी यांच्या मध्ये, दोन्ही बाजूंना तांबं असलेली आणि मधून न जुळणारी पातळ चकती सरकवायची, तिच्या वायरी स्विचकडे. आधी मुलाला खेळताना अर्धा तास बघा, फिजिओथेरपिस्टना विचारा, मग भोकं किती मोठी पाडायची ते ठरवा. एका मुलासाठी मी स्पंजच्या चार जाड्या बदलल्या. शेवटी चालला तो भांडी घासायच्या स्पंजचा चिरलेला तुकडा.

शिवून विकले तर?

भारतात १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. विजेच्या खेळण्यांसाठी आयएस १५६४४ हे मानक लागू होतं, इतरांसाठी आयएस ९८७३. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना सूट दिलेली आहे, पण ती नोंदणी आधी करावी लागते. घरच्या मुलाला आणि भाचीला देण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. काळजी मात्र तेवढीच घ्या.

चालता चालता बंद पडलं. कुठून शोधायचं?

सेलपासून. दहातल्या निम्म्या वेळा सेल संपलेले असतात किंवा डब्याच्या स्प्रिंगवर हिरवट थर चढलेला असतो. मग बोर्डाजवळचे बोल्ट हलवून बघा. मग मीटर ‘टीं’वर ठेवून बटणाच्या दोन दोऱ्यांना लावा: न दाबता गप्प, दाबल्यावर आवाज, असं व्हायला हवं. दाबूनही गप्प राहिला तर दोरा तुटलाय, बहुधा सांध्यापाशी, जिथे पाय किंवा कान वाकतो. न दाबताच वाजत राहिला तर दोन वाटा कुठेतरी भेटल्यात.

गोटू चौथ्यांदा उघडला तो यापायीच. पाय दाबला तरी आजीची हाक येईना, आणि मीटर न दाबताच वाजत होता. मी पायाची शिवण उसवली, स्पंज बदलला, तरी तेच. शेवटी पोटातली पिशवी रिकामी केली, तर मॉड्यूलच्या खाली चॉकलेटचा चंदेरी कागद निघाला, नीट चार घड्या घातलेला, नेमका दोन टोकांवर टेकलेला. भाचीला विचारलं. म्हणाली, “मावशी, त्याला पण भूक लागते ना.”